गावच्या रजिस्टरात नाव आणि राहायला पिंपरीत: एका कुटुंबाच्या सभासदत्वाचं प्रकरण

चर्चचं सभासद कसं व्हायचं असं कुणी विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, फॉर्म भरा, बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट लावा, आधीच्या मंडळीचं (म्हणजे आधीच्या चर्चच्या समुदायाचं) पत्र आणा. उत्तर खोटं नाही. पण कितीतरी जण ह्या तीन कागदांपाशीच अडकतात आणि वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात, आणि आपण समजतो की त्यांना इंटरेस्टच नाही. म्हणून एका कुटुंबाचं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय. आमची मंडळी पिंपरी-चिंचवड भागातली, मराठी, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), आणि मी पॅस्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर आहे. त्या दोघांना विचारूनच लिहितोय, फक्त नावं आणि गावाचं नाव गाळलंय.

नवरा चौतीस-पस्तिशीचा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये. मूळचा नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर), नेवासा तालुका. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे चर्च घरातच. बायको लातूरकडची, स्टाफ नर्स. तिच्या माहेरी पहिल्यांदा आईनं विश्वास धरला, मग एका घरात भरणाऱ्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये सगळे जायला लागले आणि तिचा बाप्तिस्मा अठराव्या वर्षी गावाबाहेरच्या तलावात झाला, बुडवून. ह्यांना एक मुलगी, तेव्हा दीड वर्षाची. लग्न झाल्यापासून तीन-चार वर्षं दोघं आमच्याकडे येत होते, तिची नाईट असली तर तो एकटा मुलीला घेऊन यायचा. सगळे ओळखायचे, नाताळच्या क्वायरमध्ये ती गायलीसुद्धा. पण रजिस्टरला नाव नाही.

आमच्या भागात हे नवीन नाही. इथल्या मराठी मंडळ्यांमधलं जवळजवळ प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, मग 1954 ला पिंपरीत एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स), मग टेल्को, बजाज, आणि आता चाकण-हिंजवडी, प्रत्येक लाटेत नगर, जालना, सोलापूरकडची माणसं आली आणि येताना गावची मंडळी मनात घेऊन आली. चाळीस वर्षं इथं राहून अजून "आमचं चर्च गावाला आहे" म्हणणारी म्हातारी माणसं मी बघितलीत.

तर विषय निघाला मुलीवरून. गावाहून आजी सारखी फोन करायची, लेकराचा बाप्तिस्मा कधी करताय. तो एका रविवारी उपासनेनंतर ऑफिसात आला आणि पाळकसाहेबांना (आमच्या पाद्रींना) म्हणाला की तारीख द्या. साहेब म्हणाले देऊ की, पण आईबापांपैकी निदान एक जण तरी मंडळीचा सभासद हवा, तुमचं नाव कुठं आहे? तो म्हणाला गावाला. बायकोचं? तो गप्प. फॉर्म घेऊन गेला आणि महिनाभर तोंड दाखवलं नाही.

फॉर्म परत आला तो अर्धवट भरलेला. बाप्तिस्म्याची तारीख त्याची होती, दृढीकरणाचा (बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी बिशपांपुढं स्वतः विश्वासाची कबुली द्यायची, त्याचा) रकाना रिकामा. तिचा बाप्तिस्म्याचा रकाना भरलेला पण सर्टिफिकेट नाही. आधीच्या मंडळीचं पत्र दोघांचंही नाही. हा फॉर्म कमिटीपुढं आला तेव्हा जे झालं ते स्पष्ट लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं. एक जण म्हणाले कागद अपुरे आहेत, बाजूला ठेवा. दुसरे म्हणाले सहा महिन्यांवर कमिटीचं इलेक्शन आलंय आणि आत्ताच नवीन नावं कशी काय यायला लागली. ही शंका मला अजिबात पटली नाही पण ती कुठून येते ते समजतं, सभासदांच्या यादीवरूनच मतदार यादी होते, आणि यादीवरून भांडणं होऊन प्रकरणं पार चॅरिटी कमिशनरकडे आणि कोर्टात गेलेली आपल्या समाजानं पाहिलीत. त्यामुळं प्रत्येक नवीन माणसाकडं आधी मत म्हणून बघायची सवय लागते. ज्या माणसाला आपल्या लेकराला वेदीपाशी आणायचंय त्याला आपण मताच्या हिशोबात मोजतो हे फार वाईट आहे, आणि मी मीटिंगमध्येही तेच बोललो. तिसऱ्या एक बाई होत्या, महिला मंडळाच्या, त्यांनी सरळ विचारलं, "त्यांच्या घरी कुणी गेलंय का आजपर्यंत?" कुणीच गेलं नव्हतं.

मग पाळकसाहेब, त्या बाई आणि मी असे तिघं गेलो. काळेवाडीकडं वन बीएचके, मुलगी झोपलेली, चहा-पोहे झाले. फॉर्मचं नाव न काढता साहेबांनी प्रार्थना केली आणि मग हळूहळू तो बोलायला लागला.

पहिली गोष्ट कळली की त्याचं दृढीकरणच झालेलं नाही. आठवीला तो होस्टेलला गेला, त्याच वर्षी गावात क्लास झाले, बिशप आले, त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांचं झालं आणि हा राहिला. नंतर लाज वाटायची, एवढा मोठा घोडा होऊन पोरांच्या रांगेत कसं बसायचं. म्हणून तो प्रभुभोजनाला (उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) कधी पुढं गेलाच नाही. आता हे ऐकल्यावर मला आठवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बायको पुढं जायची आणि हा मुलीला मांडीवर घेऊन बसून राहायचा, आणि आम्ही सगळे समजायचो की लेकरू सांभाळतोय. मुलगी व्हायच्या आधी तर तो त्या वेळेला बाहेर गाडी नीट लावायला जायचा म्हणे.

दुसरी गोष्ट त्याहून खोल होती. गावचं पत्र आणायला तो गेला होता, महिनाभर तोंड दाखवलं नाही त्याचं कारण ते. तिथल्या पंचांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, वर्गणी थकलीय. वडील होते तोवर ते सगळ्या घराची भरायचे, 2021 ला कोविडमध्ये ते गेले आणि त्यानंतर कुणी भरलीच नाही. ते ठीक, पैसे काही फार नव्हते. पण पंचांमधले एक वयस्कर मामा म्हणाले, "नाव काढून नेतोस तर ने, पण उद्या बापाशेजारी जागा मागायला येऊ नकोस." त्याचे वडील, आजी-आजोबा सगळे त्या चर्चमागच्या कबरस्तानात आहेत. तो तिथून पत्र न घेताच परत आला.

ज्यांना हा प्रश्न कधी पडलेला नाही त्यांना तो किरकोळ वाटेल. पण आपल्या लोकांसाठी सभासदत्व म्हणजे बऱ्याचदा ह्याच दोन गोष्टी असतात, लग्नाच्या वेळी लागणारं पत्र आणि मेल्यावर मिळणारी जागा. पुण्या-पिंपरीत दफनभूमीत जागेची किती चणचण आहे हे ज्यानं घरात एक मौत बघितलीय त्याला सांगायला नको. त्यामुळं गावचं नाव सोडणं म्हणजे पायाखालची जमीन सोडल्यासारखं वाटतं, आणि माणूस मधल्या मधे राहतो, नाव तिकडं, जगणं इकडं. माझं मत ह्याबाबतीत पक्कं आहे. जिथं तुम्ही आजारी पडल्यावर कुणी दार वाजवू शकतं, जिथं तुमची पोरगी संडे स्कूलला जाते, तिथं तुमचं नाव पाहिजे. मेल्यावरच्या जागेसाठी जिवंतपणी परकं राहायचं हे कुणाच्याच भल्याचं नाही, तुमच्याही नाही आणि ह्या मंडळीच्याही नाही.

पण हे त्याला ऐकवून उपयोग नव्हता, गावाशी बोलणं भाग होतं. पाळकसाहेबांनी तिथल्या पाळकांना फोन लावला, आणि मग एका रविवारी आम्ही त्याच्यासोबत गावाला गेलो. उपासनेनंतर पंच बसले. आधी त्यानं थकलेली वर्गणी भरली, पावती घेतली. मग जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. लांबट वही, कापडी बांधणी, कडा वाळवीनं थोड्या खाल्लेल्या, आत निळ्या शाईत रकाने, अनुक्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांचं नाव, धंदा, पाळकाची सही. त्याची नोंद सापडली पण नाव वेगळंच. रजिस्टरला आजोबांनी ठेवलेलं शास्त्रातलं नाव, शाळेत आणि आधारवर दुसरं. आपल्यात हे घरोघरी आहे. तिथल्या पाळकांनी चांगलं केलं, सर्टिफिकेटवर रजिस्टरमधलं नाव लिहून खाली "हेच सध्या अमुक नावाने ओळखले जातात" अशी ओळ घालून सही-शिक्का दिला. ज्यांना हा घोळ असेल त्यांनी ही ओळ नक्की मागून घ्या, लग्नाच्या वेळेस पळापळ वाचते. वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद त्याच कपाटातल्या आधीच्या वहीत निघाली, तिथं बापाच्या धंद्याच्या रकान्यात "शिक्षक" लिहिलेलं, ते आजोबा. तो बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून उभा होता.

मामांशी बोलणं सोपं गेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की शिकलेली पोरं सगळी शहरात नावं नेतात, मग इथं राहणार कोण, छपराला पत्रे घालायचे तर वर्गणी देणार कोण. त्यांचं काय चुकलं? 1831 ला अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, त्यानंतर गावोगाव ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यातल्या कितीतरी आज दहा-पंधरा म्हाताऱ्या माणसांवर चालतात. शहरातली चर्चेस त्यांच्याच लेकरांनी भरलीत. शेवटी साहेबांनी त्यांना म्हटलं, "मामा, नाव आमच्याकडं येऊ द्या, नातं कुठं जातंय?" आणि पंचांनी ठरावात लिहून दिलं की सभासदत्व बदलीनं जातंय, घराण्याच्या कबरीजवळच्या जागेचा हक्क पूर्वीसारखाच. हा त्या गावाचा आपसातला ठराव आहे, सगळीकडं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवं, न विचारता घाबरून बसू नये. त्यानं तिथंच कबूल केलं की दरवर्षी कापणीच्या सणाला गावच्या मंडळीला काहीतरी देईन.

आता तिचं. तिच्या बाबतीत कमिटीत वेगळीच चर्चा चालली होती. सर्टिफिकेट नाही, फेलोशिपचं रजिस्ट्रेशन नाही, ज्या पास्टरनं बाप्तिस्मा दिला ते आता वारलेत, मग पुन्हा बाप्तिस्मा देऊन टाकू की, भांडण मिटलं, असं एक जण चांगल्या मनानंच म्हणाले. पाळकसाहेब तिथं ठाम राहिले. इफिसकरांस पत्रात "एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा" आहे, झालेला बाप्तिस्मा परत होत नाही. कागद नाही म्हणून देवापुढं झालेली गोष्ट पुसता येत नाही. त्यांनी तिला दोनच प्रश्न विचारले. पाण्यानं झाला का? आणि कुणाच्या नावानं? दुसरा प्रश्न उगीच नव्हता, कारण काही गट फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा देतात, आणि आपली मंडळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या नावानं झालेला बाप्तिस्माच धरते. तिनं शब्द न शब्द सांगितला. त्या दिवशी तलावावर हजर असलेल्या दोघांकडून, तिची मावशी आणि फेलोशिपमधले एक काका, लेखी साक्ष मागवली. व्हॉट्सअपवर आधी फोटो आला, मग पोस्टानं मूळ कागद. आमच्या रजिस्टरला "साक्षीवरून" असा शेरा मारून नोंद झाली.

हे आमच्याकडं होऊ शकतं ह्याचं कारण सीएनआय कशी झाली त्यात आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे सहा वेगवेगळ्या चर्च-संस्था, एक झाल्या. त्यात अँग्लिकन होते, आपल्या नगरकडच्या काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेची 1924 ला झालेली युनायटेड चर्च होती, ब्रिटिश मेथडिस्ट शाखा होती, हे सगळे लहान बाळांचा बाप्तिस्मा करणारे. आणि त्याच वेळी बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्टही आत आले, जे म्हणतात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. कुणी कुणाला खोटं ठरवायचं नाही, दोन्ही पद्धती चालतील असं मान्य करूनच ही एकी झाली. आपण चर्चमध्ये रोज बसतो पण ही गोष्ट तरुण पोरांना कुणी सांगत नाही. (अमेरिकन मेथडिस्टांची मोठी मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली, म्हणून आजही मेथडिस्ट चर्चमधून आमच्याकडं येणारा माणूस दुसऱ्या संस्थेतून येतो, त्याचंही पत्र लागतं.)

आणि नेमका हाच प्रश्न त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीवरून पेटलेला होता. तो आणि त्याची आई म्हणे बाळाचा बाप्तिस्मा करा, ती म्हणे माझ्या मुलीनं स्वतः समजून घेतला पाहिजे, मी घेतला तसा. सासूला वाटायचं सून आपल्या घराण्याचा बाप्तिस्मा कमी लेखते. तिला वाटायचं तलावात तिनं जे दिलं, वडिलांचा मार खाऊन दिलं, ते कुणाला कळतच नाही. फॉर्म अर्धवट का राहिला होता ते आत्ता कळलं.

पाळकसाहेबांनी निर्णय दिला नाही, दोन्ही वाटा नीट समजावल्या. बाळाचा बाप्तिस्मा केला तर मोठं झाल्यावर दृढीकरणात ती स्वतः कबुली देईल. नाही केला तर आत्ता मुलीचं समर्पण करायचं, आईबाप मंडळीपुढं वचन देतील, आणि ती समजती झाल्यावर स्वतः बाप्तिस्मा मागेल. सीएनआयमध्ये दोन्हीला जागा आहे. फक्त एक सांगितलं, समर्पण करणार असाल तर ते टाळाटाळ म्हणून करू नका, रोज घरात प्रार्थना आणि शास्त्र ह्याची जबाबदारी दुप्पट होते. दोघांनी खूप वेळ घेतला. शेवटी समर्पण ठरलं. आजी नाराज झाली, अजूनही पूर्ण पटलेलं नाही तिला, ते मी लपवत नाही.

त्याचं दृढीकरण बिशप आले तेव्हा झालं. त्याआधी शनिवारी संध्याकाळी क्लास, विश्वासांगिकार (श्रद्धेचं ठरलेलं कबुलीवचन), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार, सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबरोबर. लाजायचा तो पहिल्या वेळेस, नंतर पोरंच त्याला दादा दादा करून अडलेलं विचारायला लागली. तिच्याबद्दल बिशपांना आधीच विचारून ठेवलं होतं. तिनं विश्वासाच्या कबुलीनंच बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळं तिला मंडळीपुढं कबुली देऊन सहभागितेत घ्यायचं ठरलं. बिशपांनी आधी सगळ्या उमेदवारांवर हात ठेवले, मग तिला पुढं बोलावलं, मग पाळकांनी मंडळीला उभं करून विचारलं की तुम्ही ह्यांना आपले म्हणून स्वीकारता का, त्यांच्यासाठी प्रार्थना कराल का, सुखदुःखात सोबत कराल का. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका ह्याच वेळी लोक पाण्याच्या बाटल्या उघडतात. प्रश्न आपल्याला विचारलेला असतो, होय आपण म्हणायचं असतं. त्या दिवशी होय जोरात आलं. मग कमिटीनं एकेक करून सहभागितेचा उजवा हात दिला, इलेक्शनची शंका काढणारे गृहस्थही पुढं आले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. त्यानंतर प्रभुभोजन, तेव्हा तो आणि ती सोबत पुढं गेले. मुलगी तेवढ्या वेळापुरती महिला मंडळाच्या त्या बाईंनी घेतली. समर्पण पुढच्या महिन्यात झालं, त्याला लातूरहून तिची आई आली, आणि वडीलही, जे आजवर कधी चर्चमध्ये पाऊल टाकत नव्हते ते, मागं दाराजवळ उभे होते.

फॉर्म हातात घेतल्यापासून इथपर्यंत वर्ष गेलं. ह्यातला बराचसा वेळ वाचला असता. कमिटीनं नंतर ठराव केला की जुन्या मंडळीचं पत्र आणायला माणसाला एकट्याला पाठवायचं नाही, आमचे पाळक स्वतः तिथल्या पाळकांना लिहितील आणि फोन करतील, आणि फॉर्म कमिटीपुढं यायच्या आधी दोघं जण घरी जाऊन येतील. इलेक्शनचं वर्ष असलं तर मतदार यादी कोणत्या तारखेपर्यंतची धरायची ते आधीच नोटीस बोर्डवर लावायचं, म्हणजे यादीत नाव येणं आणि मंडळीत येणं ह्या दोन गोष्टींची सरमिसळ होत नाही. थकलेल्या वर्गणीबद्दलही बोललो. वर्गणी द्यायलाच पाहिजे, पण ज्याला खरंच जमत नाही त्याचं पत्र त्यासाठी अडवू नये असं माझं म्हणणं आहे, कमिटीत ते अजून सर्वांना मान्य नाही.

ती आता आठवड्याच्या ड्युट्या जुळवून आजाऱ्यांच्या भेटींना जाते, बीपीचं मशीन पर्समध्येच असतं. तो कापणीच्या सणाला गावी गेला होता, मामांनी त्याला अर्पणात आलेल्या जिनसांच्या लिलावात भोपळा घ्यायला लावला.

नवीन पद्धतीनं दोन पत्रं गेलीत. जालन्याहून आठवड्यात उत्तर आलं. सोलापूरकडचं अजून आलेलं नाही, ह्या रविवारनंतर साहेब परत फोन करणार आहेत.